ॲटच्या डावीकडे

सोमवारी सकाळी शिवडीचं गोदाम दिसेना.
पडद्यावर नऊ चौकोन, नऊही कोरे,
प्रत्येकाच्या कोपऱ्यात फाटक्या चित्राची खूण.
कॅमेरे चोरीला गेले का, भानुशाली शेठ ओरडले.
मी फोन लावला. रामसजीवन म्हणाला,
सगळे जागच्या जागी आहेत,
एकावर कावळा बसलाय.

कॅमेरे बघत होते. ब्राउझर बघू देत नव्हता.
रात्रीतून स्वतःला नवा करून आला होता तो,
आणि चित्रामागच्या पत्त्यात
नाव नि किल्ली दिसली
की मुकाट थांबत होता.

पानाच्या आतला मजकूर उघडला.
डाबऱ्यांचा, अकरा वर्षांपूर्वीचा:
नाव, विसर्ग, पासवर्ड, ॲट, मग यंत्राचा आकडा.
नऊ ओळी. नऊ वेळा तोच पासवर्ड.

कोलनला ते विसर्गच म्हणायचे.
मस्जिद बंदरच्या या पोटमाळ्यावर, खाली मिरचीची पोती,
शिंकत शिंकत मला शिकवायचे,
"ॲटच्या डावीकडे पाहुणा, उजवीकडे घर.
पासवर्डातच ॲट आला तर टक्के-चाळीस लिही,
नाहीतर पत्ता मधेच फाटतो."
एवढ्यावर एकदा शेठ वाचले होते:
डावीकडे बँकेचं ठसठशीत नाव,
उजवीकडे कुणाचं तरी भलतंच घर.
आणि त्याच हातानं या नऊ ओळी?
ऑफिसातल्या ऑफिसात कोण वाचतंय, म्हणाले असतील.

सगळेच वाचत होते.
मधल्या सर्व्हरची नोंदवही, दर दहा सेकंदांनी.
ऑडिटचा तो मुलगा, ज्यानं पान छापून नेलं.
उघड्या पोस्टकार्डावरचं गुपित,
अकरा वर्षं टपालात.

फिलू७४.

डाबऱ्यांची बायको जेसिंता. मुली दोन,
दोघींची नावं मला पाठ.
सतरा वर्षं त्यांच्या डब्यातलं खाल्लं,
फिलू कधी पंगतीला आली नाही.

निर्मळला फोन केला. निवृत्त माणूस, केळीच्या बागेत,
मागे पाण्याचा पंप चाललेला.
म्हटलं, काका, पासवर्ड बदलतेय,
विचारत नाही, नुसतं सांगतेय.
पंप चालत राहिला.
"दिसतो अजून तिथे?"
दिसतो.
"बदल. ती नोंदवही पण पूस."
ठेवता ठेवता म्हणाले,
"लांबलचक ठेव. आकडे घाल, चिन्हं घाल.
माणूस घालू नकोस."

पुसण्याआधी मोजलं.
वहीत तीन महिन्यांचंच उरलं होतं,
तरी चोवीस लाखांवर फिलू.
एवढा जप कुणी मुद्दाम केला नसता.

संध्याकाळी ब्राउझरनं रीतसर चौकट पुढे केली.
मी किल्ली टाइप केली, काळे ठिपके उमटले,
पत्ता नुसताच पत्ता राहिला.
चौकोन एकेक करून भरले.
सहाव्यात रामसजीवन काठी उंच धरून
थेट माझ्याकडे बघत होता,
म्हणजे कावळ्याकडे.