चेंडूवर एक बोट

गेल्या ऑक्टोबरात आम्ही खालच्या डिव्हिजनला घसरलो
तेव्हा फलकावरचा पाहुण्यांचा चार
सामलनं काढलाच नाही.
हिवाळाभर तो पत्रा तिथंच, समुद्राचं मीठ खात.

मग हे वर्ष. मासळीच्या कारखान्यातून सुटलं की
तसंच मैदानात, हातांना कॉडचा वास.
एकदा गोलकीपर बोटीवरच अडकला,
पोस्टमनला उभं केलं. जिंकलो.

आज शेवटची मॅच, एक गोल हवा.
पेनल्टी मिळाली खरी,
पण फेरोचा वारा चेंडूला टेकू देईना.
सुन्नीवाचा थोरला पालथा पडला गवतावर,
एक बोट चेंडूवर ठेवून,
तापल्या पोराच्या कपाळावर ठेवावं तसं.

टेकडीवरच्या मेंढ्या पाठमोऱ्या.

सामल शिडीवर,
हातात गंजका चार,
कुठं टाकावा कळेना.