धुण्याच्या खोलीतला अंदाज

ऑगस्ट. नेब्रास्कात मक्याला तुरे आलेत
आणि पेपरचा पोरगा कोच लिंडग्रेनच्या खोलीतून
वही मिटत बाहेर पडलाय.
'तरुण संघ. भूक आहे. थोडा धीर धरावा लागेल.'
गेल्या ऑगस्टातही हेच छापून आलं होतं,
पूर्णविरामांसकट.
मग आम्ही दोन जिंकलो आणि आठ हरलो.
त्यातला एक सामना तर असा, की बँडवाली पोरं
मध्यंतरातच पिपाण्या पेटीत घालून बसली.

मला कुणी विचारत नाही.
मी अर्लीन हाव्लिक. सव्वीस वर्षं या तळघरात.
तीन मशीन; मधलं थरथरत पुढे सरकतं
म्हणून त्याच्या पायाशी वीट.
वर मैदानात मी जात नाही.
रेडिओवरचा माणूस शनिवारी काय वाटेल ते ओरडो,
खरं काय घडलं ते मला रविवारी कळतं,
टोपल्या उपड्या केल्यावर.
गवताचा डाग छातीवर असला, तर पोरानं कुणाला तरी पाडलं.
पाठीवर असला, तर त्याला.
गेलं अख्खं वर्ष पाठीचं होतं.

बासष्ट नंबर गेला.
टायरेल, ज्याची कॉलर माझ्या उशीच्या अभ्र्याएवढी.
मे महिन्यात फोनवर कुठलंसं बटण दाबलं
आणि मोठ्या विद्यापीठाचा झाला.
तिथे म्हणे सत्तर हजार लोक बसतात.
इथे चौदाशे, बँडवाल्यांचे आईबाप धरून.
लोक त्याला काय काय बोलले.
जाताना तो जर्सी घडी करून माझ्या टेबलावर ठेवून गेला.
सव्वीस वर्षांत घडी घातलेली ती एकच.

गोल चेंडूच्या संघातून लिबानला मागून आणलंय,
लाथ मारायला, फक्त लाथ मारायला.
त्याचे कपडे जसे जातात तसे परत येतात,
तरी मी धुते; एकट्याचे वगळले तर त्याला वाईट वाटेल.
त्याची आई मांसाच्या कारखान्यात रात्रपाळीला असते.
एकदा सकाळी, तशीच बूट घालून, खाली आली
आणि माझ्याकडे बघून तिनं एवढंच विचारलं,
'याला किती वेळा आपटतील?'
मी म्हटलं, याला नाही.
ती इतर टोपल्यांकडे बघत राहिली.

आणि केलन. आमचा क्वार्टरबॅक.
गुडघा शंभर टक्के बरा, असं पेपरात येईल.
गुडघ्याची पट्टी तो स्वतः आणून देतो,
गप्पा मारतो, माझ्या डब्यातली बिस्किटं खातो.
जिना चौदा पायऱ्यांचा आहे.
वर जाताना तो प्रत्येक पायरीवर आधी डावा पाय ठेवतो,
मग उजवा त्याच्या शेजारी आणतो,
लहान मूल चढतं तसा.
मी कोचला सांगितलेलं नाही.
सांगायला हवं, हे मला कळतं.
रोज सकाळी कळतं, आणि दुपारपर्यंत
टॉवेलच इतके येतात.

काल पहिला पूर्ण सराव झाला.
बासष्ट नंबर आता वायोमिंगच्या एका पोराला दिलाय.
एमेट नाव, मानेवर अजून मेंढ्यांच्या कुरणातलं ऊन.
जर्सी त्याच्या अंगावर
दोरीवर वाळत घातल्यासारखी दिसते.
त्याची टोपली मी मुद्दाम शेवटी ठेवली.
जर्सी उलटी निघाली, बाह्या आत अडकलेल्या.
सुलटी करायला वेळ लागला.
पाठ हिरवीगार.
खांदे, कोपर, मान, सगळं हिरवं.
मग पुढची बाजू दिव्याखाली धरली.
छातीवर, डावीकडे, नंबराच्या सहावर
एक डाग. तळहाताएवढा.
चष्मा पुसून पुन्हा बघितला.
चिखल नव्हता. गवतच.

मशीनचा खटका मी थंडवर नेला.
गरम पाण्यानं गवत पक्कं बसतं.