दोन साखरांच्या मध्ये

रात्रीचे दोन. माँटेव्हिडिओ.
जुलै, म्हणजे आमच्याकडचा कडाका.
खिडकीच्या फटीतून नदीवरचं वारं शीळ घालतंय
आणि दारियांहेला म्हणते,
"मशीन बिघडलंय, ग्रासिएला."

मी चष्मा कपाळावर सरकवते.
आलेखाच्या कागदावर तिच्या पेन्सिलीचे ठिपके
सव्वा वाजेपर्यंत जिना चढत गेलेले,
आणि मग सपाट.
चार ठिपके एकाच उंचीवर,
जणू चढणारा मध्येच विसरला
वर कशासाठी निघालो होतो.

मशीन धड आहे.
त्यांचं ग्लुकोज संपलंय.

आपण दोन साखरा वाढल्या होत्या ना एकाच ताटात,
सोपी आधी खातात ते. कोण नाही खात?
दुधातली तशीच बाजूला पडून राहते,
कारण ती तोडायची कात्री अजून घडलेलीच नसते.
कात्रीचा नमुना असतो जनुकात,
पण त्या उंबऱ्यावर एक प्रथिन
खुर्ची टाकून बसलेलं म्हाताऱ्यासारखं:
दूध दाखवा, मग उठतो.

"पण दारच घडलं नसेल
तर दूध आत येणार कसं?"

हा प्रश्न मला पडायला एकोणीस वर्षं लागली,
तुला एका रात्रीत पडला.
म्हातारा डुलकी काढतो, पोरी. एवढंच.
त्या डुलकीत एखादं दार घडून जातं,
एखाददुसरी कात्री.
तेवढ्यावर पुढचं सगळं.

तू माराकाइबोहून आलीस त्या आठवड्यात
त्रिस्तान नार्वाहाच्या रविवारच्या बाजारात
आग्वाकाते मागत होतीस.
भाजीवाला नुसता बघत राहिला,
मग म्हणाला, पाल्ता.
भाषा तीच, फळही तेच,
आणि तू रिकामी पिशवी धरून उभी,
पुढे सरकेनास.
रांगेत तुझ्यामागे मीच होते.
तेव्हा ओळख नव्हती आपली.
घाई होती मला, हेही सांगून टाकते.

"हा बघ, सात नंबर!"
तिचा आवाज एकदम चढतो.
"हा थांबलाच नाही, जेमतेम अडखळला.
हाच ठेवू या. फ्रीझरमध्ये. नाव देऊन."

सात नंबरमध्ये म्हातारा मेलाय.
उंबरा उघडाच. दूध असो नसो,
कात्र्या घडतच राहतात, रात्रंदिवस.
त्याचे संध्याकाळचे ठिपके बघ,
ग्लुकोज भरपूर होतं तेव्हाचे.
इतरांच्या खाली आहेत.
केसभर. पण प्रत्येक पिढीला केसभर.

पंचाहत्तर साली माझ्या आईने
पलंगाखाली एक तपकिरी बॅग भरून ठेवली.
दर रविवारी ती उघडायची,
कपडे पुन्हा इस्त्री करून पुन्हा रचायची.
आम्ही वाढलो की आतली मापं बदलायची,
माझा फ्रॉक निघे, मोठा फ्रॉक जाई.
फ्रॉक न घालताच लहान झाले मला किती.
दहा वर्षं.
दार वाजलं ते शेजारच्यांचं.
आम्ही कुठेच गेलो नाही,
आणि आई कधी गाढ झोपली नाही.

पण आपलं वाजलं असतं
तर सबंध गल्लीत पहिले आम्हीच बाहेर पडलो असतो.
तेही खरं.
म्हणून कुठला वाण शहाणा ते मला विचारू नकोस.
मी तंत्रज्ञ आहे. काचा धुते, ठिपके मोजते,
ऑक्टोबरात निवृत्त होते.

सव्वादोन.
ती तीन नंबरची नळी पुसून मशीनमध्ये ठेवते.
आकडा थरथरतो, ठरतो.
मघाशी शून्य पूर्णांक एकसष्ट होता.
आता त्रेसष्ट.

काही बोलत नाही ती.
पेन्सिलीला टोक करते,
पाचवा ठिपका काढते
किंचित वर,
आणि लेबलं दोन लिहायला घेते.