वीतभराला थोडं कमी

गिझबर्ट थ्योनेसची दोन सीटची, मोहरीच्या रंगाची गाडी
मंगळवारी सव्वाआठला माझ्या खड्ड्यावर आली.
माएन गावात त्याला कोण ओळखत नाही;
एकतीस वर्षं आम्ही त्याच्या भट्टीचा पाव खाल्ला.
मार्चमध्ये भट्टी थंड झाली, एप्रिलमध्ये ही गाडी,
आणि मूळच्या चौदा इंची चाकांच्या जागी
सोळा इंची, काळी, पाच आऱ्यांची,
कुणा पुतण्याच्या तळघरातून टायरांसकट स्वस्तात उचललेली.

"शोभतात ना?"
शोभत होती.
माझ्या कागदावर त्याचा रकाना नाही.

मी तपासनीस. पुढचं एक चाक, मागचं समोरच्या कोपऱ्यातलं एक,
ठोकळ्यांवर चढवते,
गाडी खांबापाशी पाय वर केलेल्या कुत्र्यासारखी तिरकी होते,
मग स्टिअरिंग शेवटपर्यंत पिळायचं
आणि कान द्यायचा.
डावीकडे आवाज आला.
टॉर्च घेऊन वाकले. मडगार्डच्या आतल्या अस्तरावर
रबराने घासून घासून एक जागा चकचकीत केलेली,
जुन्या जिन्याच्या पायरीची कड होते तशी.

मग खडू. एक खूण टायरवर, एक जमिनीवर,
गाडी एक फेरा पुढे ढकलली,
(तोही ढकलायला आला, मी नको म्हटलं तरी)
पुन्हा खूण, मग फीत.
कारखान्याच्या चाकापेक्षा सतरा सेंटिमीटर जास्त.
वीतभराला थोडं कमी.
"म्हणजे?"
म्हणजे, हेर थ्योनेस, तुमचा काटा शंभर म्हणतो
तेव्हा तुम्ही एकशे सहा-सातने चाललेले असता.
आणि आमचा नियम असा गमतीचा आहे
की काट्याने तिखटमीठ लावलेलं चालतं,
हातचं राखून सांगितलेलं चालत नाही.

"आमच्या हिल्डेगुंडचंही हेच म्हणणं होतं,"
तो म्हणाला, आणि "होतं"वर थांबला नाही.

मला आठवलं, दुकानाच्या शेवटच्या दिवशी
रांग चर्चच्या कोपऱ्यापर्यंत गेली होती.
प्रत्येकाने विचारलं, कसं वाटतंय.
प्रत्येकाला त्याने पावाबरोबर एकच शब्द बांधून दिला: ठीक.

चाकं राहू देत, मी म्हटलं, टायर बदला.
बाहेरचं वर्तुळ होतं तेवढंच राहायला हवं.
आतला धातू वाढला
की ते दोन इंच मऊपणातूनच काढावे लागतात.
"मग गचके?"
बसतील.

तीन आठवड्यांनी आला. कडेला रबर असं पातळ
की चाकाला नुसती काळी किनार लावल्यासारखं.
खडू, फीत: चार सेंटिमीटर. चालतात.
स्टिअरिंग पिळलं, कान दिला, आवाज नाही.
कागद भरता भरता सहज विचारलं, कशी चालते?

"बाजारचौकातला दगड न् दगड कळतो," तो म्हणाला.
"पोस्टासमोरची ती गटाराची जाळी कळते.
पिठाच्या गोण्या उचलताना पाठीत धरलेली कळ, पस्तिसाव्या वर्षी,
तीसुद्धा परत कळायला लागली.
रात्री दोनला जाग येते, कणीक मळायच्या वेळेला.
मळायला काही नसतं.
मग खाली येऊन हिच्यात बसतो. सुरू नाही करत."

मी शिक्का शोधत राहिले.
तो माझ्या हातातच होता.

गेट ओलांडताना त्याने वेग कमी केला नाही,
उंबऱ्याच्या पट्टीवर गाडी दाणकन आदळली,
आरशात त्याचे दात दिसले. हसला असावा,
किंवा जीभ चावली असेल.

संध्याकाळी मी घरी निघाले. माझी गाडी कायदेशीर,
शंभर दाखवते तेव्हा खरी चौऱ्याण्णवने जाते.
योखेनने सूप गरम करता करता विचारलं, कसा गेला दिवस?
अरे, काही विचारू नकोस, मी म्हटलं,
नुसती रीघ लागली होती.

सात गाड्या होत्या.