टाळू

पहिले तीन महिने निडगुंदी मॅडमनी
चाकू दिलाच नाही माझ्या हातात.
दिली एक मेजपट्टी, शिंप्याकडची,
आकडे झिजलेली:
"डोकी मोज. रोज, त्याच वेळेला. मग बघू."

मी एमसीएच झालेली,
वडगावच्या मागवाल्याची मुलगी.
मनात म्हटलं, एवढ्यासाठी का परत आले बेळगावात?

वॉर्डात सतरा पाळणे.
अथणी, चंदगड, खानापूर, कागल.
रामदुर्गची शिवलीला, ओली बाळंतीण,
तिची मुलगी अकरा दिवसांची.
मनगटावरच्या पट्टीवर नुसतं आईचं नाव.
बारसं उद्या असायचं होतं.

"नेत्तिगे एण्णि हच्चलेन्री?"
तिनं वाटी पुढं केली.
आमच्यात टाळू भरतात, तिच्यात नेत्ती.
तेल तेच, कोमट.
मी नको म्हटलं, कन्नडात,
आणि माझं कन्नड ऐकून ती एवढ्यातही हसली.

मॅडम म्हणाल्या, डोळे मीट.
मूल गप्प असताना बोट ठेव.
रडताना कुणाचीही टाळू फुगते,
त्यावरून काही ठरवू नकोस.

डोळे मिटले तर बाबा दिसले,
वीज गेलेली, माग थांबलेले,
बोटाच्या उलट्या बाजूनं ताणा चाचपत जाणारे.
कुठला धागा तुटणार
ते तुटायच्या आधी सांगायचे.
आम्हाला वाटायचं, ह्यात काय एवढं.

काल सदतीस नऊ.
आज अडतीस चार.
बुबुळं खाली उतरलेली,
वरच्या पापणीखाली पांढरी कोर.
"माझ्याकडंच बघतीया," शिवलीला म्हणाली
तिला येणाऱ्या तेवढ्या मराठीत.
आम्ही ह्याला मावळते डोळे म्हणतो.
तिला सांगितलं नाही.

टेबलावर ती केवढीशी,
हिरव्या कापडाखाली सापडत नव्हती.
डोक्यापासून पोटापर्यंत
कातडीखालून नळी सरकवायची.
मॅडमनी बाजूला होऊन जागा दिली.
माझा हात थांबला पोटापाशी:
पोटात किती सोडू?

"सोड भरपूर. वेटोळं राहू दे आत.
परकर शिवताना दुमड ठेवतात ना,
वाढत्या अंगाचा?
हिला पाच फूट व्हायचंय."

मी सोडत राहिले.
एवढ्याशा पोटात पुढची वर्षं मावत गेली.

चौथ्या दिवशी सकाळी
बोटाखाली टाळू मऊ,
पट्टीवर सदतीस सात.
धावत जाऊन सांगितलं.
मॅडमनी चहाचा कप खाली ठेवला नाही.
"पुन्हा मोज," म्हणाल्या.