पाचाचं शून्य

मनामाच्या जुन्या बाजारामागे, शिंप्यांच्या गल्लीत
आमचा छापखाना.
मशीनवर कुंजुमोन, आणि मी जुळारी.
खिळे कधीच भंगारात गेले, नाव तेवढं राहिलं;
आता पडद्यावर उजवीकडून डावीकडे
न कळणारी अक्षरं ओळीत बसवतो.

नोव्हेंबर लागला, निवडणूक आली.
आधी आला अबू याकूब,
टायरांची तीन गोदामं, मनगटाला ऊदाचा वास.
म्हणाला, लिही :
बंदर मोकळं करा. पाच टक्क्यांचे शून्य करा.
मी विचारलं, "जकात?"
तो पोट धरून हसला.
"जकात अल्लाची रे, हरी. सरकारचा तो जुमरुक."
आमच्या वेंगुर्ल्याच्या नाक्यावर
आजोबा आयुष्यभर जकात भरत आले,
पुण्य लागतंय हे त्यांना कोणी सांगितलं नाही.

संध्याकाळी डॉक्टर लतीफा आल्या.
माझ्या टेबलावर मातीचं मडकं ठेवलं,
बुडाला बोटांचे ठसे तसेच.
"हे आलीच्या कुंभाराचं. तीन दिनार.
असलंच बाहेरून येतं आठशे फिल्सला.
पाचाचे पंधरा करा, एवढंच लिहायचंय.
आणि फ्लेक्स स्वस्तातला दे,
तो चीनचा चालेल."
कुंजुमोनने माझ्याकडे पाहिलं.
मी मडक्याकडे.

आता माझी अडचण ऐका.
इथला पाच म्हणजे आपलं शून्य,
तसाच गोल, तसाच पोटातून रिकामा.
आणि इथलं शून्य म्हणजे नुसता ठिपका,
खालचं अक्षर हरवलेला अनुस्वार.
नऊ वर्षं झाली,
दिवसा मला हे पाठ असतं.
रात्री दोनला डोळे पुन्हा पहिलीत जाऊन बसतात.

चाळीस फ्लेक्स निघाले.
चाळीस चौकांत अबू याकूब हात उंचावून हसत उभा,
खाली ठळक लाल अक्षरांत वचन :
पाच टक्क्यांचे पाच करा.

दोन दिवस कोणी वाचलंच नाही.
तिसऱ्या दिवशी कॉफीच्या दुकानातला एक म्हातारा
तसबीह थांबवून म्हणाला,
"अख्ख्या मुहर्रकमध्ये खरं बोलणारा हा एकटाच.
तो आकडा सहा देश मिळून ठरवतात,
ह्यांच्या बापाला तरी हलणार आहे का?"
हसू गल्लीगल्लीतून फिरत
छापखान्याच्या दारात आलं
तेव्हा त्याचा राग झाला होता.

मालकाने कागद पुढे केला :
फ्लेक्स, शाई, मजुरी,
आणि फ्लेक्सवर बंदरात भरलेले पाच टक्के,
तेही माझ्याच पगारातून.
दोघांच्या भाषणांत जे वर-खाली होत होतं
ते असं येऊन बसलं
माझ्या पावतीच्या डाव्या कोपऱ्यात.
गोल. लहान. आपल्या शून्यासारखं.
घरी फोनवर सांगितलं, या महिन्यात थोडं कमी येईल.
बायकोने विचारलं, किती?
मी म्हटलं, आकडा नीट लागत नाहीये.

वाया गेलेले चाळीस फ्लेक्स
लतीफाबाईंनी रद्दीच्या भावात उचलले.
मतदानाच्या दिवशी छापखाना बंद,
मत नाही म्हणून आम्ही दोघं मोकळे;
ते पोचवायला आलीला गेलो.
कुंभाराने एक उलगडला, न वाचता,
ओल्या मडक्यांवर पांघरला.
अबू याकूबच्या हसऱ्या चेहऱ्याखाली
सावलीत हळूहळू सुकत होती
आलीची माती.

मी एक मडकं उचलून भाव विचारला.
"तीन दिनार."
घासाघीस केली.
"तीन," तो म्हणाला, वर न बघता.

परतताना बाजारातून
आठशे फिल्सचं घेतलं.
खोलीत खिडकीशी ठेवलंय.
पाणी गार होतं.
बाईंना सांगितलेलं नाही.