गुणक

ठाण्याचं कोर्ट. दालन तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट बंद.
दिराने आणि कुणा अनोळखी पक्षकाराने
खुर्चीसकट उचललं मला.
बोहल्याकडे मामानेही इतकं जपून नेलं नव्हतं.

विमा कंपनीचे वकील तसे सभ्य.
‘बाई, हात शाबूत आहेत ना?
मग शिवणकाम चालूच असेल.’
मी म्हटलं, साहेब, मशीन पायाचं आहे.
टायपिस्टने टिपलं: हात शाबूत.

रबाळ्याच्या वळणावरचा टँकर
आता कागदावर नुसता नंबर.
मीही तशीच. वय चौतीस, गुणक सोळा,
कमरेखाली निरंक.

महिन्याला ब्लाउज किती? पावत्या?
पावत्या कोण ठेवतं.
दिघ्याच्या बायका राहिलेले वीस रुपये
पुढच्या खेपेला देतात, एवढाच हिशेब.

तारीख पडली. दिवाळीनंतरची.

घरी कापड मी सरकवते,
पायडल श्रावस्ती मारते. इयत्ता पाचवी.
पाढे म्हणता म्हणता अडखळते,
तसा पायही थांबतो,
सुई कापडात रुतून उभी.
सोळा चोक चौसष्ट, मी सांगते.
पुढचं तिला येतं.
टीप पुन्हा धावते,
जराशी तिरकी.
उसवत नाही मी.